विसार देण्याआधी घराची तब्येत विचारा



आपल्या वस्तीतले कुटुंब घर विकत घेते तेव्हा त्यामागे वीस-पंचवीस वर्षांची कमाई असते. फंडाचे पैसे, पतपेढीचे कर्ज, भिशी, बाईच्या अंगावरचे सोने असे सगळे गोळा करून ती रक्कम उभी राहते. घर बघायला जातो तेव्हा मात्र आपण अर्ध्या तासात परत येतो. खोली किती बाय किती, स्टेशन किती लांब, भाव किती कमी होईल, एवढेच विचारतो. उरलेले प्रश्न घरमालकच आपल्याला विचारतो : आडनाव काय, गाव कोणते, घरात काय शिजते. या प्रश्नांची इतकी सवय झाली आहे की घर मिळते आहे यातच आपण समाधान मानतो. पण पैसे आपण मोजणार आहोत. प्रश्न विचारायचा पहिला हक्क घेणाऱ्याचा आहे.

आरोग्याच्या पानावर हा विषय घेण्याचे कारण सरळ आहे. लेकराचा हटत नसलेला खोकला, दर पावसाळ्यात येणारी कावीळ, बायकांना वारंवार होणारी लघवीची जळजळ, म्हाताऱ्यांचे जिन्यावरून पडणे, यांतले बरेचसे घरातूनच सुरू होते. डॉक्टर औषध देतात, पण मूल झोपायला त्याच ओल्या भिंतीशेजारी जाते. म्हणून घर घेताना त्याचीही तब्येत विचारून घ्यावी.

दोष तीन प्रकारचे

दोष नसलेले घर आपल्या ऐपतीत सहसा मिळत नाही. म्हणून दोष दिसला की लगेच परत फिरू नये आणि दुर्लक्षही करू नये. दोषाची तीन भागांत वाटणी करावी.

पहिला भाग थोड्या पैशांत सुधारणारा : टाकीचे तुटलेले झाकण, खिडकीला नसलेली मच्छरजाळी, मोरीला नसलेली जाळी. दुसरा भाग मोठ्या खर्चाने सुधारणारा : गळके छप्पर, जुनी वायरिंग, गंजलेला पाइप. हा खर्च गवंडी किंवा प्लंबरला विचारून भावातून कमी करून घ्यावा. तिसरा भाग म्हणजे आपण कितीही पैसे घातले तरी न सुधारणारा : खिडकीपुढे हातभर अंतरावर दुसरी भिंत, नाल्याच्या पातळीखालची जमीन, वस्तीलाच न पोचणारे पाणी. घर नाकारायचे तर या तिसऱ्या भागावरून नाकारावे. भिंतीचा रंग आठवड्यात बदलतो, पण खिडकीबाहेर मोकळी जागा नसेल तर ती आपण आणू शकत नाही.

पुढचे सगळे प्रश्न हे ओळखण्यासाठी आहेत.

कधी जावे, कोणी जावे

घर दोनदा तरी पाहावे. एकदा दुपारी, उजेड किती येतो ते पाहायला. एकदा पाणी येण्याच्या वेळी, मग ती पहाटे चारची असली तरी. पावसाळ्यात पाहायला मिळाले तर उत्तम. उन्हाळ्यात घर विकायला काढणाऱ्याकडे ओल कुठे दिसते हे जास्त खोलात विचारावे.

एकटा पुरुष जाऊन सौदा ठरवतो, हे बदलावे. त्या घरात सर्वांत जास्त वेळ जी बाई राहणार आहे, तिने पाहिलेच पाहिजे. घरात म्हातारे माणूस असेल तर त्याला जिना चढवून बघावा.

प्रश्न विचारायचीही पद्धत असते. ‘घर गळत नाही ना?’ असे विचारले तर उत्तर ‘नाही’ हेच येणार. ‘पावसाळ्यात कोणती भिंत ओली होते?’ असे विचारावे. ‘पाणी येते ना?’ ऐवजी ‘किती वाजता येते, किती वाजता जाते, किती हंडे भरतात?’ असे विचारावे. मग तेच प्रश्न शेजारच्या बायकांना, नळावर आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारावेत. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत तर शेजाऱ्यांचे जास्त खरे धरावे, कारण त्यांना घर विकायचे नसते.

पाणी कुठून येते?

विचारा : पाणी नगरपालिकेच्या नळाचे, बोअरचे की टँकरचे? नळजोडणी कोणाच्या नावावर आहे, बिल भरलेले आहे का? घरापर्यंतचा पाइप कुठून आला आहे?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ऐकून न थांबता पाइपच्या मागे चालत जावे. अनेक वस्त्यांत नळाचे पाइप गटारातूनच नेलेले असतात. पाणी दिवसातून दोन तास येते तिथे उरलेले बावीस तास पाइप रिकामा असतो. त्याला कुठे बारीक भोक असेल तर बाहेरचे घाण पाणी आत शिरते आणि नळ सुटला की तेच आधी आपल्या हंड्यात पडते. हगवण, विषमज्वर आणि दूषित पाण्याची कावीळ यातून होते. म्हणून पाण्याच्या वेळी जावे, पहिली पाच मिनिटे पाणी कसे येते ते पाहावे, वास घ्यावा. आणि विचारावे : ‘गेल्या दोन पावसाळ्यांत या गल्लीत कावीळ किती घरांत झाली?’

इमारत असेल तर खालची टाकी पाहायला मागावी. झाकण घट्ट बसते का, शेवटची कधी धुतली, शौचालयाची टाकी तिच्यापासून किती लांब आहे? बोअर असेल तर तो सेप्टिक टँकपासून निदान 50 फूट दूर हवा.

विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांनी आणखी एक विचारावे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत काही ठिकाणी बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असते. तिथल्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसतात आणि पुढे हाडे व सांधे आखडतात. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे 1.5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. हे पाणी उकळून सुधारत नाही, उलट आटल्याने फ्लोराइड दाट होते. शेजारच्या मुलांचे दात पाहावेत, आणि सरकारी प्रयोगशाळेत पाण्याची तपासणी करून घ्यावी.

नळाचे पाणी गढूळ असेल तर ते स्वच्छ फडक्याने गाळून, खळखळून उकळी आल्यावर आणखी एक मिनिट उकळून प्यावे. एवढ्याने जंतू मरतात. म्हणजे जंतूंचे पाणी हा सुधारता येणारा दोष आहे, पाणीच न येणे हा नाही.

शौचालय आणि मोरी

घरात शौचालय असेल तर विचारा : मैला कुठे जातो? नगरपालिकेच्या मोठ्या गटाराला जोडला आहे, की सेप्टिक टँकला, की सरळ नाल्यात? टँक असेल तर शेवटचा कधी उपसला आणि कोणी उपसला? साधारण दोन-तीन वर्षांनी तो उपसावा लागतो. मशीनची गाडी तिथपर्यंत पोचते का, निदान तिची नळी पोचते का, हे बघून घ्यावे. टँकमध्ये साठलेल्या वायूने आत उतरलेला माणूस क्षणात बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेलाही मरतो. 2013 च्या कायद्याने माणसाला असे गटारात आणि टाकीत उतरवण्यावर बंदी आहे. हे काम आजवर कोणाच्या वाट्याला आले हे आपल्याला कोणी सांगायला नको. माणूस उतरवल्याशिवाय ज्या घराची टाकी साफ होणार नाही, ते घर घेऊ नये.

पाहायला गेल्यावर मालकाची परवानगी घेऊन शौचालयात आणि मोरीत एकेक बादली पाणी ओतावे. पाणी झपकन जाते, की तुंबते, की दुसऱ्या बाजूने वर येते? मोरीतून वास येतो का? पावसाळ्यात गटाराचे पाणी मोरीतून घरात येते का, हा प्रश्न तळमजल्यावर विचारायलाच हवा.

शौचालय सार्वजनिक असेल तर किती घरांत किती सीट, रात्री दिवा असतो का, कडी लागते का, आत पाणी असते का, रात्री बंद होते का, हे विचारा. हा प्रश्न बायकांनी बायकांना विचारावा. शौचालय लांब किंवा अंधारात असले की बाया-मुली संध्याकाळनंतर पाणी पीत नाहीत आणि लघवी धरून ठेवतात. त्यातून लघवीच्या मार्गाला जंतुसंसर्ग होतो आणि गरोदरपणात तो जास्त त्रास देतो. मधुमेह झालेल्या माणसाला रात्रीतून तीन-चारदा उठावे लागते, त्याचाही विचार करावा.

ओल आणि पुराचे पाणी

नुकताच रंग दिलेली एकच भिंत दिसली की तिथे थांबावे. भिंतीला तळहात लावावा, कपाट सरकवायला सांगावे, खिडकीखालचा आणि छताचा कोपरा पाहावा. रंगाचे पोपडे, भिंतीवर आलेला पांढरा लोणा, काळे ठिपके आणि बंद खोलीचा कुबट वास या ओलीच्या खुणा आहेत. काळे ठिपके बुरशीचे असतात. तिचे बारीक कण श्वासातून आत जातात, दमेकऱ्याचा दमा वाढतो, लहान मुलांना खोकला आणि सर्दी धरून राहते.

ओल कुठून येते हे विचारावे, कारण उपाय त्यावर ठरतो. छतातून येत असेल तर छप्पर दुरुस्त होते. वरच्या घराच्या मोरीतून येत असेल तर वरचे कुटुंब आणि सोसायटी ऐकते का, हे महत्त्वाचे. जमिनीतून वर चढत असेल आणि घर रस्त्यापेक्षा खाली असेल, तर हा तिसऱ्या भागातला दोष समजावा. रस्ता दर काही वर्षांनी डांबर पडून उंच होत जातो आणि घर खाली जात राहते.

मुंबई, ठाणे, कल्याण भागात एक प्रश्न नेमका विचारावा : ‘26 जुलै 2005 ला इथे पाणी कुठवर आले होते?’ त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला. जुने रहिवासी गुडघा, कंबर की छाती असे हाताने दाखवून सांगतात. सांगली-कोल्हापूरकडे 2019 आणि 2021 च्या पुराबद्दल विचारावे. विजेचा मीटर किती उंचीवर बसवला आहे तेही पाहावे, पुराचा अनुभव असलेल्या गल्लीत तो वर सरकवलेला दिसतो.

पुराच्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असते. पायाला जखम असेल तर त्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात जातात. 2005 च्या पुरानंतर मुंबईत या रोगाची साथ आली होती. दर पावसाळ्यात घरात पाणी येणार असेल तर हा धोका दरवर्षीचा होतो. अशा पाण्यातून चालावे लागले तर पाय साबणाने धुवावेत आणि ताप यायची वाट न पाहता पालिकेच्या दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक गोळ्यांबद्दल विचारावे.

हवा आणि उजेड

हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि सर्वांत कमी विचारला जातो.

मुंबईत 1896 साली प्लेग आला तेव्हा दाटीच्या, उजेड नसलेल्या चाळींत माणसे भराभर मेली. त्यानंतर 1898 साली शहर सुधारण्यासाठी बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. रस्ते रुंद करणे आणि दाट वस्तीत हवा खेळवणे हे त्याचे काम होते. परळच्या ज्या बीआयटी चाळीत बाबासाहेब अनेक वर्षे कुटुंबासह राहिले, ती याच ट्रस्टची. घराच्या हवेचा आणि रोगाचा संबंध या शहराला तेव्हापासून माहीत आहे.

तरीही चूक पुन्हा झाली. गोवंडी-मानखुर्दकडच्या पुनर्वसन वसाहतींचा एक अभ्यास 2018 साली पुढे आला. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड इथे इमारती एकमेकींना खेटून, जेमतेम तीन मीटर अंतरावर उभ्या आहेत. तिथे क्षयरोगाचे रुग्ण जास्त आढळले. जिथे इमारतींमध्ये मोकळी जागा होती त्या वसाहतीत ते कमी होते. घर पक्के होते, शौचालय आत होते, पण ऊन आणि वारा आत येत नव्हता.

कारण असे. क्षयरोगाचे जंतू रुग्णाच्या खोकल्यातून हवेत येतात. बंद खोलीत ते तासन्‌तास तरंगत राहतात. वारा खेळता असेल तर ते बाहेर निघून जातात, ऊन पडले तर मरतात. म्हणून विचारा : खिडकी कोणत्या बाजूला उघडते? खरेच उघडते का, की खिळे ठोकून बंद केली आहे? दुपारी बारा वाजता दिवा न लावता तांदूळ निवडता येतात का? खिडकीत उभे राहून आकाश दिसते का? समोरासमोर दोन उघडी तोंडे, म्हणजे दार आणि खिडकी, आहेत का? समोरची जागा कोणाची आहे, तिथे बांधकाम होणार आहे का? स्वयंपाकाचा धूर कुठून बाहेर जातो? जवळ भट्टी, रंगाचे काम, भंगार जाळणे किंवा डम्पिंग ग्राउंड आहे का? रात्री वारा कुठून येतो?

इथे एक गोष्ट स्पष्ट करणे आमचे कर्तव्य आहे. ‘या घरात टीबीचा माणूस होता’ असे कळले म्हणून घर नाकारू नये आणि त्या कुटुंबाला नावे ठेवू नयेत. क्षयरोग भिंतीला, फरशीला किंवा भांड्याला चिकटून राहत नाही. दारे-खिडक्या उघडून घर हवेशीर केले की पुढे राहायला येणाऱ्याला त्याचा धोका नाही. रुग्ण होता का, यापेक्षा घरात वारा येतो का, हा प्रश्न खरा. आणि आपल्या घरात कोणाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे.

छप्पर, जिना, वीज

छप्पर पत्र्याचे असेल तर ‘मे महिन्यात दुपारी तुम्ही कुठे बसता, रात्री कुठे झोपता?’ असे विचारावे. नागपूर-अकोल्याच्या उन्हात पत्र्याखालची खोली भट्टी होते. लहान मूल, म्हातारे आणि गरोदर बाई यांना त्याचा सर्वांत जास्त त्रास. वर फॉल्स सीलिंग किंवा पांढरा रंग करता येईल का, ते पाहावे.

करड्या रंगाचे सिमेंटचे पत्रे असतील तर ते किती जुने आहेत, तडकले आहेत का, हे विचारावे. आपल्याकडच्या अशा बहुतेक पत्र्यांत अॅस्बेस्टॉसचे बारीक तंतू असतात. पत्रा अखंड असेल तोवर घाबरण्याचे कारण नाही. तो कापला, त्याला भोके पाडली किंवा तो चुरगळला की तंतू हवेत उडतात. ते फुप्फुसात बसले तर त्याचा आजार वीस-तीस वर्षांनी उठतो. तडकलेला पत्रा बदलायचा तर आधी ओला करावा, तोंडाला मास्क बांधावा आणि तुकडे झाडूने कोरडे झाडू नयेत.

पोटमाळ्याची शिडी स्वतः चढून-उतरून पाहावी. वरच्या मजल्यावरचे घर असेल तर लिफ्ट दिवसातून किती तास चालते आणि बंद पडली तर किती दिवसांनी सुरू होते, हे विचारावे. आणखी विचारावे : ‘आजारी माणसाला खाली कसे आणता? रुग्णवाहिका कुठवर येते?’ गल्लीत स्ट्रेचर वळत नसेल तर ते आधीच माहीत असावे.

विजेचा मीटर स्वतंत्र आहे का, वायरिंग किती जुनी, अर्थिंग आहे का, हे ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला नेऊन पाहावे. ओल्या भिंतीत जुनी वायर असेल तर पावसाळ्यात भिंतीलाच करंट येतो. असा करंट आला की वीज आपोआप बंद करणारा ब्रेकर बसवता येतो, तो खर्च टाळू नये.

कागदाबद्दल दोनच शब्द

कागदपत्रांसाठी वकिलाला दाखवणे हाच मार्ग आहे. फक्त एवढे लक्षात ठेवावे : नोटरी केलेल्या साध्या कागदावर घराची मालकी मिळत नाही, त्यासाठी खरेदीखताची नोंदणी लागते. आणि पुनर्वसनात मिळालेले घर ठरावीक वर्षे विकता येत नाही. ती मुदत संपली आहे का आणि प्राधिकरणाची परवानगी आहे का, याचा लेखी पुरावा मागावा. वर सांगितलेले सगळे पाहून झाल्यावर, कागद तपासल्यावर, मगच विसार द्यावा आणि त्याची पावती घ्यावी.

हे कापून पाकिटात ठेवा

1. पाणी किती वाजता, किती वेळ? पाइप गटारातून आला आहे का?
2. गेल्या दोन पावसाळ्यांत गल्लीत कावीळ किती घरांत?
3. मैला कुठे जातो? टाकी मशीनने उपसता येते का?
4. बादलीभर पाणी ओतले तर मोरी तुंबते का?
5. रात्री बाई-मुलीला शौचालयाला कुठे जावे लागेल?
6. पावसाळ्यात कोणती भिंत ओली होते? ओल कुठून येते?
7. मोठ्या पुरात पाणी कुठवर आले होते?
8. दुपारी दिव्याशिवाय दिसते का? खिडकीतून आकाश दिसते का?
9. समोरच्या मोकळ्या जागेवर पुढे काय होणार?
10. मे महिन्यात घरात बसवते का?
11. आजारी माणसाला बाहेर कसे नेणार?
12. हा दोष आपण सुधारू शकतो का? खर्च किती, आणि तो भावातून कमी होईल का?

विहारात रविवारी जमतो तेव्हा ज्यांनी गेल्या वर्षा-दोन वर्षांत घर घेतले आहे त्यांना हेच प्रश्न विचारावेत. कोणत्या गल्लीत पाणी गढूळ येते, कोणत्या इमारतीची लिफ्ट महिनोन्‌महिने बंद असते, हे त्यांना माहीत असते. आणि नवे घर पाहायला जाताना सोबत त्या भागात राहणारा एक माणूस आणि इलेक्ट्रिशियन किंवा गवंडी असलेला एक नातलग न्यावा. एका सुट्टीच्या दिवसात हे सगळे पाहून होते.